न धुतलेलं बोट

निकेतच्या रक्तात साखर दोनशे चौऱ्याण्णव निघाली, आणि तीही उपाशीपोटी. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, कारण गावाच्या लेखी असं काही झालेलंच नाही. झालं ते इतकंच की समाजमंदिराच्या फरशीवर गावातली माणसं रांगेने बसली होती, डोक्यावर पंखे करकरत होते, आणि पहिल्याच नंबरला असलेल्या ठमीआजीने हात पदराखाली लपवून अट घातली होती, "आदी तू सोताला टोचून दाव. मंग आमी." म्हणून निकेतने हसत हसत डाव्या हाताचं मधलं बोट पुढे केलं, टोचलं, थेंब पट्टीला लावला, आणि यंत्राने जे दाखवलं ते वाचून मोठ्याने म्हणाला, "चौऱ्याण्णव! बघा, दुखलं का काही?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. गावात एखाद्याच्या साखरेला टाळ्या पडण्याची ही पहिलीच वेळ असावी. त्या आकड्याच्या पुढचे दोनशे कुणाला ऐकू गेले नाहीत, कारण ते तोंडातून बाहेरच आले नव्हते. याला खोटं म्हणणं जरा जास्त होईल. आकडा खराच होता, फक्त पूर्ण नव्हता. मग ठमीआजीने हात पुढे केला, तिच्यामागच्याने केला, रांग सरकत गेली, आणि निकेत प्रत्येकाचं बोट धरून तेच तेच वाक्य बोलत राहिला, की काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं वाटतं. आणि प्रत्येक वेळी त्याला वाटत होतं की मुंगी आपल्यालाच चावली आहे, आत कुठेतरी, आणि ती अजून जागची हललेली नाही. मुंग्या कुठे जमतात हे सांगायची गरज नाही.

आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या कारखान्यांच्या मागे कोयी आणि सालींचे जे ढीग कुजत पडतात, त्यांच्यात माणसाची साखर आवरून धरणारं काहीतरी असतं, अशी एका संस्थेची श्रद्धा होती. श्रद्धेला विज्ञानात गृहीतक म्हणतात, आणि मग तिला निधी मिळतो. संस्थेने कोयी फोडून आतल्या गराचं पीठ केलं, साली वाळवून त्यांची पूड केली, जोडीला फणसाच्या आठळ्यांचं पीठ घेतलं आणि त्या सगळ्याचं एक तपकिरी, गोल, गंभीर बिस्कीट बनवलं. चवीला ते असं लागायचं, की माणसांनी आपल्याला खाल्लं याचा आंब्याला शेवटी पश्चात्ताप झाला असावा. गावातल्या साखरवाल्या माणसांचे दोन गट पाडले होते. एका गटाच्या डब्यात हे बिस्कीट, दुसऱ्याच्या डब्यात हुबेहूब तसंच दिसणारं पण साध्या पिठाचं, काहीच गुण नसलेलं बिस्कीट. या दुसऱ्या गटाला तुलनागट म्हणायचं. कोण कुठल्या गटात, हे खाणाऱ्याला माहीत नव्हतं, वाटणाऱ्या निकेतला माहीत नव्हतं, पुण्यात बसून हे सगळं चालवणाऱ्या मृणाली मॅडमनाही माहीत नव्हतं. ते कुठल्याशा संगणकाने चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं आणि तो बोलत नव्हता. निकेतचं काम सोपं होतं. महिन्याच्या महिन्याला भरलेले डबे द्यायचे, जुने परत घ्यायचे, उरलेल्या बिस्किटांसकट त्यांचं वजन करायचं म्हणजे किती खाल्ली ते कळतं, आणि माणसांना टोचायचं. त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर 'क्षेत्र समन्वयक' असं लिहिलं होतं. त्याची आई मनुबाई शेजारणींना सांगताना ते 'शेत समन्वयक' असं सांगायची, आणि शेजारणी विचारात पडायच्या, कारण शेतं तर बंदराला जाऊन जमाना झाला होता.

घोळ वजनाच्या काट्यावर झाला. गावात कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. शेजारणीने कालवण पाठवलं तर तिच्या भांड्यातून निदान मूठभर तांदूळ जातात; काहीच नसेल तर साखर; अगदीच काही नसेल तर मीठ, जे मिठागरांच्या गावात नसण्याचा प्रश्नच नाही. संस्थेचा डबा झाला म्हणून काय झालं? उलट संस्था परगावची, म्हणजे पाहुणी. तेव्हा महिनाअखेर डबे आले ते सुकट घेऊन, तांदूळ घेऊन, वालाचे दाणे घेऊन, एकात तर नीट घडी केलेल्या तांदळाच्या भाकऱ्या होत्या. निकेतने पहिल्या महिन्यात हे काही न पाहता डबे झाकणासकट काट्यावर ठेवले, आणि पुण्याच्या संगणकाने हिशेब करून कळवलं की ठमीआजीने महिन्याभरात उणे सात बिस्किटं खाल्ली आहेत. मृणाली मॅडमनी फोन केला होता. "निकेत, उणे म्हणजे? तिने बनवली का घरी?" निकेतने प्रथा समजावून सांगितली. मग मॅडम म्हणाल्या, "किती छान ना. पण थांबव हे." आता हे थांबवायचं कसं? घरोघर जाऊन सांगायचं, की बाई, तुमच्या आजीने, पणजीने जे केलं ते करू नका, त्याने आमची सरासरी बिघडते? त्याने त्यातल्या त्यात एक युक्ती काढली. डबा आला की आधी उघडून, आतलं काढून, मग वजन करायचं. टोचायच्या त्या सकाळी ठमीआजीचा डबा त्याने असाच उघडला, तर तळाशी पांढरं काहीतरी. मिठागरांच्या गावात पांढरं दिसलं की चाखल्याशिवाय कळत नाही. त्याने डाव्या हाताचं मधलं बोट आत घातलं, घोळवलं, जिभेला लावलं. साखर होती. बोट पँटला पुसलं. आणि लगेच तेच बोट त्याने पुढे केलं होतं, टाळ्या घ्यायला.

तेव्हा शक्यता दोन होत्या. एक तर साखर बोटावर होती, नाहीतर बोटात. टोचण्याआधी हात साबणाने धुवा, नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून गोडवा जात नाही, हे रांगेतल्या प्रत्येकाला निकेतनेच घसा फोडून सांगितलं होतं, आणि प्रत्येकजण नळावर जाऊन, कोपरापर्यंत हात धुऊन, लग्नाच्या पंगतीला आल्यासारखा येऊन बसला होता. धुतला नव्हता तो एकट्या निकेतने. म्हणजे उपाय सरळ होता. नळ समोर होता. नळावर साबण होता. हात धुवायचा, दुसरी पट्टी लावायची, संपलं. एवढ्या सोप्या गोष्टी माणसाच्या हातून सहसा होत नाहीत. हात न धुतल्यामुळे त्याच्याकडे निदान एक साखरेचा कण होता, ज्यावर सगळा आरोप टाकता येत होता. आणि कण जपून ठेवावा असं त्याला वाटू लागलं. दुसऱ्या दिवशी आंघोळीला बसला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण डावा हात वर धरून उजव्या हाताने पाणी घेतो आहोत. मोरीच्या आडोशाला मनुबाई टॉवेल द्यायला आली आणि थबकली. "हात कशाला वर केलास रं? मतदान करून आलास का?" "खांदा आखडलाय," निकेत म्हणाला. आता या गोष्टीचा मूर्खपणा त्याला दिसत नव्हता असं नाही. साखर केव्हाच पुसली गेली असणार, घामात विरघळून गेली असणार, आणि समजा राहिली असली तरी ती कुठल्या कोर्टात दाखवायची होती? पण कोरडं बोट घेऊन तो फिरत राहिला. अंगठ्याने ते बोट चोळून पाहायचा. चिकट लागायचं. मे महिन्यात उरणला काय चिकट लागत नाही?

ही मे महिन्याची सोय मोठी होती. तहान लागायची, तर तहान सगळ्यांनाच लागत होती; कंटेनरच्या रांगांमधून मोटारसायकल काढताना घशाला अशी कोरड पडायची की जीभ टाळूवरून उचलावी लागायची, पण ती धूळ होती, डिझेल होतं, खाडीवरून येणारा खारा वारा होता. लघवीला जास्त व्हायचं, तर पाणी जास्त प्यालं की होणारच. थकवा यायचा, तर पगार पाहता तो यायलाच हवा. वजन उतरलं होतं, आणि त्याबद्दल मृणाली मॅडमनी मागच्या भेटीत त्याचं कौतुकही केलं होतं. "जिम लावलीस का?" त्यावर तो नुसता हसला होता. जे न लावता मिळतं त्याला नाही कशाला म्हणा? एकेका खुणेला तो एकेक कारण काढून द्यायचा, आणि खूण कारण घेऊन गप्प निघून जायची, आणि संध्याकाळी पुन्हा दारात उभी राहायची. राहता राहिले पाय. पायांना मे महिन्याचं कारण लागू पडत नव्हतं. रस्त्याच्या कडेला गाडी लावून तो मिठागराच्या बांधावर उतरायचा, चपला काढून हातात घ्यायचा आणि शिंपल्यांच्या कपच्या जिथे वर आलेल्या आहेत तिथून मुद्दाम चालायचा. टोचलं की बरं वाटायचं. जास्त टोचलं की जास्त बरं वाटायचं. एके ठिकाणी काहीच टोचलं नाही तेव्हा तो तिथेच मटकन बसला आणि तळवा उलटा करून पाहू लागला. मग कळलं की तिथे शिंपल्या नव्हत्याच, मऊ चिखल होता. त्या चिखलाचा त्याला इतका राग आला की तो एकटाच मोठ्याने हसला. पलीकडच्या मिठाच्या कोंडीतले बगळे उडाले आणि थोडं पुढे जाऊन परत बसले.

पाय पाहण्याची सवय त्याला लहानपणापासून होती. बुधाजी, म्हणजे त्याचा बाप, बंदरातून ट्रेलर चालवायचा. निकेत शाळेत होता तेव्हाची गोष्ट. बुधाजी दिवसभर गाडी चालवून घरी आला, ओटीवर चप्पल काढली आणि आत चालत गेला, आणि फरशीवर त्याच्या मागोमाग लाल शिक्के उमटत गेले, एकाच पायाचे. मनुबाई किंचाळली. चपलेतून एक खिळा आरपार आत गेला होता, सकाळी कधीतरी, आणि तो पायात घेऊन त्याने दिवसभर क्लच दाबला होता. "मना कलला न्हाय," बुधाजी म्हणाला, आणि आपल्याच पायाकडे असा बघत राहिला, जसा माणूस न बोलावलेल्या पाहुण्याकडे बघतो. साखरेपायी आधी बोटं गेली, मग घोट्याखालचं सगळं. बुधाजी इस्पितळातून आला तेव्हा भेटायला आलेल्यांना म्हणाला, "पाय पुरं गेलाय, मी मागशी येतंय." लोक हसावं की नको अशा तोंडाने बसून राहिले, आणि शाळकरी निकेत खो खो हसला. तेव्हापासून त्या घरात हा रिवाज पडला होता. दुखणं बाहेरून यायचं आणि विनोद होऊन उंबऱ्याच्या आत यायचं. बापाचा सगळ्यात लाडका किस्सा कंपनीतल्या तपासणीचा होता, तो प्रत्येक लग्नात, हळदीच्या मांडवात सांगितला जायचा. ड्रायव्हरांचं रक्त दरवर्षी तपासायचे. बुधाजीने सलग काही वर्षं स्वतःच्या जागी गाडीवरच्या किन्नराला, म्हणजे क्लीनर पोराला, आत पाठवलं. "त्याचं रगत लय झकास होतं," बुधाजी सांगायचा. "दरसाली पास. मना साहेब बोलला, बुधाजी, तुजी तब्येत पोरासारकी हाय. मी बोललो, पोराचीच हाय!" मांडव हसून लोळायचा. निकेत त्या विनोदाला इतक्या वेळा हसला होता की कुठे श्वास घ्यायचा ते त्याला पाठ होतं.

आणि म्हणून त्याने औषधाचा विचार केला. औषध म्हणजे बिस्किटं. गोदामात, म्हणजे समाजमंदिराच्या मागच्या खोलीत, पुढच्या महिन्याचे डबे रचून ठेवले होते. तो कोऱ्या मनाने आत गेला आणि एक डबा उघडून दोन बिस्किटं खाल्ली. मग अडचण लक्षात आली. हा डबा तुलनागटाचा असला तर? तर आपण काहीच नसलेलं खाल्लं. म्हणून दुसऱ्या थप्पीतला एक डबा उघडून त्यातली दोन खाल्ली. आता एक तरी खरं लागलं असणार. पण मग ते नेमकं कुठलं हे कळायला हवं, म्हणून दोन्ही पुन्हा शेजारी शेजारी चाखून पाहिली. दोन्हीकडे आंब्याला सारखाच पश्चात्ताप झाला होता. संस्थेने काम चोख केलं होतं. असं करत करत तो रोज थोडं थोडं खाऊ लागला, आणि संपूर्ण चाचणीत एकाच वेळी दोन्ही गटांत असलेला तो एकमेव माणूस ठरला. विज्ञानात अशा माणसाला जागा नसते. पोट गच्च व्हायचं, तोंडाला कडवट तुरटपणा राहायचा, आणि त्यावर पाणी, आणि पुन्हा तहान; आणि त्या तहानेच्या तळाशी एक विचार गाळासारखा बसलेला असायचा, की ही बिस्किटं साखर असलेल्यांसाठी आहेत, आपण ती खातो आहोत, म्हणजे आपण काहीतरी कबूल केलं आहे. तो डब्याचं झाकण घट्ट लावायचा आणि बाहेर येऊन मोठ्याने शीळ घालायचा.

मॅडमचा फोन आला तेव्हा तो समाजमंदिराच्या पायरीवर बसून एका पायाच्या टाचेला चिमटे काढत होता. "निकेत, त्या दिवशीचं एक रीडिंग अनाथ आलंय," मृणाली मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमी कुठेतरी निघाल्यासारखा असायचा. "पहिलंच. दोनशे चौऱ्याण्णव. नंबर नाही, नाव नाही. कुणाचं आहे?" यंत्र आपण घेतलेलं प्रत्येक रक्त लक्षात ठेवतं आणि आपणहून पुण्याला कळवतं, हे निकेतला माहीत होतं. फक्त ते त्याने माहीत नसल्यासारखं ठेवलं होतं. "बघतो मॅडम. गर्दी होती." "नीट बघ हं. फास्टिंगला दोनशे चौऱ्याण्णव म्हणजे सिरियस आहे. ज्या कुणाचं असेल त्याला लगेच अलिबागला डॉक्टरांकडे पाठवायचं, आपली गाडी आहेच. आणि खुलासा आला नाही तर त्या दिवसाची सगळीच रीडिंग बाद होतील, सगळ्यांना परत टोचावं लागेल." मग म्हणाल्या, "बिचारा कुणीतरी मस्त फिरत असेल बघ, काही माहीत नसताना." "हो ना," निकेत म्हणाला. "बिचारा." तो शब्द बोलताना त्याला खरोखर त्या माणसाची दया आली.

हे सगळं पायरीवर, म्हणजे उघड्यावर चाललं होतं, आणि मागे काळूराम बिडी ओढत उभा होता. काळूराम मिठागरात उभा जन्म काढलेला, काटक, सत्तरीचा म्हातारा. चाचणीत घेतलेल्यांत त्याची साखर सगळ्यांत कमी, अगदी काठावरची, आणि याचं त्याला मनस्वी दुःख होतं. साखर जास्त निघालेल्यांना गाडीतून अलिबागला नेत. एसीची गाडी. तिथे डॉक्टर नावाने हाक मारत, पट्टा बांधून दाब बघत, परत येताना गाडी चहाला थांबे. काळूरामला कुणी कधी नेलं नव्हतं. "कोनाचा आकरा हरवलाय?" त्याने विचारलं. निकेतने सांगितलं, आणि सांगताना आपण हे का सांगतो आहोत याचा विचार केला नाही. काळूरामने बिडी विझवली, कानाला लावली. "मंग माजा लिव."

"तुमचा नाही तो, काका. तुमची एकशे अठरा होती."

"तवा व्हती. आता हरवलेला भेटला ना? मना दे. कोनाचा न्हाय तर माजा." तो जवळ सरकला. "दोनशे चौऱ्यान्नव! आरं, असा आकरा आमच्या घरान कोनाला न्हाय आला. लिव, काळूराम. गारी कवा येते?"

"त्याने गोळ्या चालू करतील तुम्हाला. नसता आजार."

"करू दे की. गोल्या का फुकट जातान?"

तेवढ्यात नळावर हंडा भरणारी ठमीआजी मान न वळवता म्हणाली, "त्याला कशाला देतस? मना दे. माजी दोनशेच्या वर हायेच. त्यान आनखी पडली तर कोनाला कलनार?" आणि हंडा कमरेवर घेताना तिने निकेतकडे पाहिलं. त्या पाहण्यात काही नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. त्या सकाळी ती रांगेत पहिली होती, यंत्र तिच्या नाकासमोर होतं, आणि आकडे वाचता येत नसले तरी दोन आकडी आणि तीन आकडी यांतला फरक बाजारात मासळी विकलेल्या बाईला कळतोच. "तवा कसा चौऱ्यान्नव बोलला रं," ती म्हणाली, "नाटकान काम कर तू." आणि ओलं पाऊल टाकत निघून गेली. काळूराम मात्र हटला नाही. अंगठा दाखवत म्हणाला, "सही पायजे का अंगठा?"

किती सोपं होतं ते. टॅबलेटवरच्या रिकाम्या चौकोनात काळूरामचा क्रमांक टाकायचा. काळूरामला गाडी मिळाली असती, मॅडमना खुलासा, संगणकाला नाव. सगळे खूश, आणि त्या आकड्याला शेवटी एक घर. निकेतने टॅबलेट उघडलाही होता, क्रमांकाचे पहिले दोन आकडे दाबलेही होते. काळूराम खांद्यावरून वाकून आपलं नाव येण्याची वाट पाहत होता, त्याच्या अंगाला बिडीचा आणि उन्हात वाळलेल्या मिठाचा वास येत होता, आणि त्याचे अनवाणी पाय, मिठाने चिरलेले, दगडासारखे घट्ट, पायरीवर निकेतच्या पायांशेजारी होते. दहाही बोटं. झकास पाय होते. आणि अचानक मांडव, हळद, लाऊडस्पीकर, 'त्याचं रगत लय झकास होतं', हसणारे लोक, सगळं एकदम त्याच्या डोक्यात लागलं, आणि जिथे हसायचं तिथे त्याला श्वासच सापडला नाही. तो किन्नर कोण होता? त्याचं नाव बापाने किश्शात कधी घेतलं नव्हतं. त्याचं रक्त चांगलं होतं म्हणून त्याचं काही बिघडलं नाही. इथे तर एका धडधाकट म्हाताऱ्याला गोळ्या सुरू होणार होत्या, काठावरची साखर खाली खाली जाऊन तो बांधावरच चक्कर येऊन पडणार होता, आणि चहाला थांबणारी गाडी त्याला दिसणारही नव्हती. निकेतने दाबलेले आकडे पुसले. "नाही जमायचं, काका." "का? मी गावचा न्हाय?" काळूराम दुखावला होता. "सगली माया परक्यांना," तो पुटपुटला आणि कानावरची बिडी काढून निघून गेला.

घरी आला तेव्हा दिवस मावळतीला होता. बुधाजी ओटीवर खुर्चीत, कापलेला पाय स्टुलावर. निकेत मोटारसायकल लावून चपला हातात घेऊन खडीवरून चालत आला. बापाने ते पाहिलं.

"चपला हातान कशाला घेतल्यास?"

"तुटल्यात."

"मना दोनी आख्या दिसतान." बुधाजीने हात पुढे केला. "पिशवी दे."

"कशाला?"

"तुज्या यंत्राची पिशवी. सगल्या गावाला टोचतस, बापाला न्हाय टोचत."

पिशवी दिली. बुधाजीने यंत्र काढलं, पट्टी बसवली, सुई लावली. हे त्याला डोळे मिटूनही आलं असतं. मग स्वतःचं बोट पुढे न करता मनुबाईला हाक मारली, "पानी आन गो. साबन पन." निकेत उभाच राहिला. "हात धू," बाप म्हणाला. "धुतलाय." "माज्यासमोर धू." मनुबाईने तांब्या तिरका केला. तिच्या चेहऱ्यावर काही प्रश्न नव्हता, म्हणजे या दोघांचं आधी बोलणं झालं होतं. किती दिवस झालं होतं कुणास ठाऊक. आंघोळीला वर धरलेला हात, संपणारे माठ, सैल झालेला पँटचा पट्टा, सगळं या घरात पाहिलं गेलं होतं आणि कुणी विनोद केला नव्हता. पाणी गार होतं. साबण अंगाचा, लाल. निकेतने मधलं बोट चोळलं, पुन्हा चोळलं, नखाच्या कडेला, पेराच्या रेषेत. तो जपलेला कण, असलाच तर, ओटीच्या कडेवरून खाली झेंडूच्या आळ्यात गेला. बापाने त्याचा हात आपल्या मांडीवर घेऊन पदराने पुसावा तसा पंच्याने पुसला. टोचलं. मुंगी चावल्यासारखंच वाटलं.

दोनशे एक्याऐंशी. म्हणजे तेरा ठमीआजीच्या साखरेचे. बाकीचे घरचे.

निकेतने बापाच्या तोंडाकडे पाहिलं. तो विनोदाची वाट पाहत होता. या क्षणाला लागू पडतील असे तीन-चार तर त्याला स्वतःलाच सुचत होते, आणि बुधाजीला सुचले नसतील हे शक्यच नव्हतं. त्याचे ओठ एकदा हललेही. पण काही आलं नाही. खाडीपलीकडे बंदराचे दिवे लागले, क्रेनच्या माना वर झाल्या, एक ट्रेलर हॉर्न देत गेला. बुधाजीने आपला हात स्टुलावरच्या पायावर ठेवला, जिथे पाय संपत होता तिथे, आणि निकेतचा हात अजून दुसऱ्या हातात होता, तो त्याने सोडला नाही. "अलिबागची गारी," बुधाजी म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच एखाद्या म्हाताऱ्याचा होता, "सकाली किती वाजता येते?" मनुबाई तांब्या घेऊन आत गेली. निकेतने सांगितलं की गाडीला आपण सांगू तेव्हा ती येते. मग उजव्या हाताने, कारण डावा बापाकडे होता, त्याने टॅबलेट मांडीवर घेतला, 'खुलासा' असं लिहिलेला चौकोन उघडला, आणि लिहू लागला.

प्रति, मा. प्रमुख संशोधक यांस. विषय: बिननावाच्या नोंदीबाबत खुलासा व विनंती. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून सादर करतो की, सदर दोनशे चौऱ्याण्णवची नोंद अर्जदाराची स्वतःची आहे. त्या वेळी अर्जदाराने हात धुतलेला नव्हता. आता धुतलेला आहे. श्री. काळूराम यांचा सदर साखरेशी कोणताही संबंध नाही, तथापि त्यांना एकदा गाडीतून नेऊन आणण्यात यावे. साठ्यात कमी भरणारी दोन्ही प्रकारची बिस्किटे अर्जदाराने खाल्लेली असून त्यांचा परिणाम दिसून आलेला नाही. पुढे असे की, अर्जदार हा जन्मापासून श्री. बुधाजी घरत यांच्या गटात असून, सदर गटात घेताना अर्जदाराची लेखी वा तोंडी संमती घेण्यात आलेली नव्हती. चिठ्ठ्या कोणी टाकल्या, याचीही माहिती अर्जदारास देण्यात आलेली नाही. सबब, अर्जदाराची तुलनागटात बदली करण्यात यावी, सदर बदली जन्मतारखेपासून अंमलात आल्याचे समजण्यात यावे, आणि त्याच आदेशान्वये श्री. बुधाजी घरत यांनाही, शक्य झाल्यास पायासह, तुलनागटात सामावून घेण्यात यावे, ही नम्र विनंती.